पैकीच्या पैकी

"चार," बायको बाहेरच्या खोलीत म्हणाली, आणि आत पलंगाच्या कडेला बसून शर्टाची बटणं लावणारा त्याचा हात तिसऱ्या बटणावरच थांबला. आवाजात विशेष काही नव्हतं. किती वाजले विचारल्यावर सांगावं तसं तिनं सांगितलं होतं, फार तर जरा तोऱ्यात. प्रश्न त्याचा स्वतःचाच होता. प्रश्न नववा: मागच्या दोन महिन्यांत मुलासाठी ड जीवनसत्त्वाच्या थेंबांच्या किती बाटल्या आणल्या? पाच वर्षांखालच्या मुलांना आईवडील जीवनसत्त्वं देतात का, किती देतात, त्यातलं त्यांना कळतं काय, हे घरोघर जाऊन विचारायचं त्याच्या ऑफिसचं काम होतं आणि वीस प्रश्नांचा हा फॉर्म त्यानं दीड वर्ष खपून बसवला होता. नवव्या प्रश्नासाठी तर तो भर बैठकीत साहेबांशी भांडला होता. आया "रोज देतो की" म्हणून मोकळ्या होतात, तो म्हणाला होता, आणि कपाटात तीच बाटली वर्षभर धूळ खात पडलेली असते. तोंडाला खोटं बोलता येतं, बाटलीला येत नाही. बाटल्या जितक्या जास्त तितकी सवय पक्की, असं साधं गणित. चार बाटल्यांना पूर्ण गुण होते. आणि अडीच महिन्यांपूर्वी त्यानंच घरात आणून ठेवलेली बाटली अशी होती, की ती एकटी त्यांच्या लेकीला, ठकीला, वर्षभर पुरून उरायला हवी होती.

ठकी त्याच्या पाठीशी झोपली होती. सुट्टीचा दिवस, सकाळचे साडेदहा. खाली कुणीतरी गाडी धूत होतं, पलीकडच्या इमारतीत दोन पोरं जिन्याच्या कठड्यावरून घसरत ओरडत होती, आणि चार वर्षांची ही पोर झोपली होती. मध्ये एकदा उठून ग्लासभर पाणी प्यायली, त्यातलं निम्मं ओकली, आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा निजली. गेला महिना असाच चालला होता. खायला नको, खेळायला नको. पोट साफ नाही. उठलीसुटली की पाणी. रात्रीचं अंथरूण ओलं व्हायचं कधीच बंद झालं होतं, ते पुन्हा सुरू झालं. गल्लीच्या तोंडाशी बसणारे डॉक्टर म्हणाले, जंत असतील, आणि गोड औषध दिलं. बायको म्हणाली, अशक्तपणा आहे. तो काही म्हणाला नव्हता. अबोल्यात माणसाला आपलं मत नसण्याची मोठी सोय असते. चौथ्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांत ऊन येत नव्हतं, समोरच्या इमारतीनं ते कधीच अडवलं होतं, आणि ऊन नाही म्हणून थेंब, इतकी साधी गोष्ट होती. चार, तो मनाशी म्हणाला. चार बाटल्या. आणि मग लग्नाला सात वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच त्यानं मनोमन देवाकडे मागितलं, की आपली बायको खोटं बोलत असू दे.

कारण खोटं बोलायला तिला कारण होतं. हा फॉर्म पक्का होण्याआधी तो कुणावर तरी चालवून बघायचा होता, आणि घरचं माणूस फुकटचं, म्हणून त्यानं तो तिच्यावर चालवला होता. मेहुणी आली होती त्या दिवशी. जेवण उरकून तिघं गप्पा मारत बसली होती, आणि त्यानं पेन काढून बायकोला वीसच्या वीस प्रश्न विचारले होते. ती हसत हसत उत्तरं देत होती. "देते की आठवणीनं. कधी राहतं. ड्रॉपर ना? असतो अर्धा, पाऊण, तिच्या मर्जीवर." शेवटी त्यानं बेरीज केली आणि म्हणाला, "वीसपैकी अकरा." मेहुणी हसली. हसली म्हणजे काय, हसण्यावारीच चाललं होतं सगळं. पण मग तो थांबला नाही. चाचणीत लांबच्या वस्तीतल्या, अंगठा उठवणाऱ्या बायकांना तेरा पडलेत, म्हणाला. आणि एकेक उत्तर घेऊन तिला समजावत बसला, बरोबर काय ते. रोज. न चुकता. न्याहारीनंतर. एक पूर्ण ड्रॉपर, खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत. म्हण बघू. ती हसायची थांबली होती. "एक पूर्ण ड्रॉपर, सर," ती म्हणाली होती, आणि ताटं उचलून आत गेली होती. तेव्हापासून घरात तो सर होता. "सरांना चहा दे गं ठके." "सरांचा टॉवेल वाळत घातलाय." समोरासमोर मात्र चार महिन्यांत कामापुरतंच. भांडण नव्हतं. भांडण असतं तर मिटलं असतं.

"वा," बाहेर मास्तरीणबाई म्हणाल्या. शाळेतून निवृत्त होऊन त्या या कामावर आल्या होत्या, आणि ऑफिसात त्यांची ख्यातीच होती, की यांच्या हातून पूर्ण गुण म्हणून सुटायचे नाहीत. "पुढचा प्रश्न. एका वेळेला किती देता?"

"एक पूर्ण ड्रॉपर," बायको म्हणाली. "खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत."

शब्द न शब्द. जुन्या बाटलीचं ते उत्तर होतं. जुनं औषध पातळ होतं, त्याचा ड्रॉपरभर म्हणजे एका दिवसाचं माप. अडीच महिन्यांपूर्वी ऑफिसात एक तज्ज्ञ येऊन बोलून गेले. पालकांना ड्रॉपर मोजता येत नाही, अर्धा काय, पाऊण काय. त्यापेक्षा पंचवीस पट तीव्र औषध निघालंय, त्याचा एकच थेंब द्यायचा, एक म्हणजे एक, चुकायला जागाच नाही. त्याला ते इतकं पटलं होतं की घरी येतायेताच त्यानं ती बाटली घेतली. तशीच तपकिरी, तेवढीच बुटकी. आणि नेहमीप्रमाणे कागदाचा चौकोन कापून, ठळक अक्षरात लिहून, स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. तो घरात बोलत नव्हता, लिहीत होता. गॅसच्या शेगडीवर, नळाच्या वर, दाराच्या मागे त्याच्या चिठ्ठ्या असायच्या. ‘दूध उकळल्यावर झाकण ठेवावे.’ ‘सोमवारी पाणी येणार नाही.’ खाली तारीख आणि सही. चिठ्ठी दोन दिवसांनी जाग्यावर दिसायची नाही, म्हणजे वाचली, असं तो समजायचा. फॉर्मच्या शेवटच्या पानावर तपासनिसासाठी एक चौकोन होता: माहिती दिली. तिथं बरोबरची खूण करायची आणि पुढच्या दाराची बेल दाबायची. माहिती पोचली का, असा चौकोन नव्हता. तो असावा असं एक पोरगी बैठकीत म्हणालीही होती, तेव्हा त्यानंच विचारलं होतं, "पोचली हे मोजणार कसं?" आणि सगळे हसले होते.

उठायला हवं होतं. तो उठला नाही. हात तिसऱ्या बटणावरच होता. फॉर्मच्या पहिल्या पानावर सूचना क्रमांक सात होती, तीही त्याचीच: उत्तरे देताना घरातील अन्य व्यक्तीने मध्ये बोलू नये. नवरे मध्ये बोलतात, सासवा बोलतात, बायका गप्प होतात आणि उत्तरं नासतात. फेरतपासणीच्या यादीत चिठ्ठ्या टाकून घरं निघतात, त्यात आपल्या घराचा क्रमांक निघालेला पाहिल्यावर खरं तर त्यानं तो खोडायला हवा होता, कर्मचाऱ्याचं घर म्हणून, खोडला नाही. उलट सकाळी मास्तरीणबाईंना जिन्यातच गाठून म्हणाला होता, "मी आत बसतो. तुम्ही खुशाल विचारा." त्याला ऐकायचं होतं. आज किती पडतात ते. तोंडानं विचारायची लाज वाटत होती ते सगळं त्याला भिंतीआडून, दुसऱ्याच्या तोंडून, वीस प्रश्नांत ऐकायचं होतं: माझं काही ऐकतेस का? मी सांगतो त्यातलं काही उरतं का तुझ्याजवळ? आणि ते उत्तर आता येत होतं. सगळं उरलं होतं. शब्द न शब्द.

आपली चूकही होत असेल. ती जुनंच औषध आणत असेल, ही बाटली मागे पडली असेल. या आशेला तो धरून बसला, आणि बाहेर बाराव्या प्रश्नाला त्या आशेचाही निकाल लागला. "बाटलीचं नाव सांगता येईल?" "नाव तोंडात बसत नाही बाई माझ्या. संपली की मी रिकामी बाटलीच नेऊन दुकानदाराला दाखवते. तो म्हणतो कसा, तुमच्याकडे किती मुलं आहेत हो? म्हटलं एकच आहे, पण नवरा मोठा अधिकारी आहे." दोघी हसल्या. "बाटलीचा तो नवा ड्रॉपर हिला आवडत नाही. मी जुनाच ठेवलाय धुऊन, गुलाबी फुग्याचा. त्यानंच पिते." गुलाबी फुगा त्याच्या डोळ्यांसमोर आला. दाबला की भस्सकन भरतो. रोज, न चुकता, न्याहारीनंतर. पंचवीस दिवसांचं एका दिवसात, अडीच महिने. त्यानं तोंडी गुणाकार करायला घेतला आणि अर्ध्यावर सोडला. पाठीशी ठकीचा श्वास चालला होता, कोरडा, जरासा खरखरीत. तिच्या ओठांच्या कडा सुकून पांढऱ्या झाल्या होत्या. हे त्यानं या क्षणी पाहिलं. तिच्याशेजारी तो रोज निजत होता.

मामा असता तर, त्याच्या मनात आलं, आणि इतक्या वर्षांनी मामाच का आठवावा ते त्याला कळेना. आईचा भाऊ. गाऊन देवाच्या गोष्टी सांगायचा तो, लहानशा दिवाणखान्यांत, सतरंजीवर बसलेल्या वीसपंचवीस माणसांपुढे. आवाज काही फार गोड नव्हता, पण सांगता सांगता गायला लागायचा तेव्हा समोरच्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून यायचे. लहानपणी तो मामाच्या मागे भिंतीला टेकून बसायचा. मामाची एक खोड होती. ऐन रंगात तो थांबायचा. देव दारात येऊन उभा आहे, भक्त झोपलाय, आणि हा थांबला. पाणी प्यायचा, गळ्यावरचा घाम पुसायचा, समोर बघत राहायचा. कुणीतरी "हुं" म्हणायचं, मग आणखी कुणी. तेव्हा कुठं तो पुढं जायचा. एकदा घरी परतताना त्यानं विचारलं होतं, मामा, तू मध्येच का थांबतोस? मामा म्हणाला, "अरे, समोरून हुंकार आला नाही तर मी सांगितलंच नाही असं होतं. नुसतं माझंच तोंड वाजलं. देवाचं राहू दे बाजूला, माणसाला माणसानं सांगायचं म्हणजे अर्धं काम आपलं, अर्धं त्याचं." आणि चार पावलं पुढं जाऊन मागं वळून म्हणाला होता, "ऐकतोयस ना?" "हुं," तो म्हणाला होता. आता पलंगाच्या कडेला बसून त्याला वाटलं, आयुष्यात आपण कुणाचं ऐकून हुंकार दिला असेल तर तो तेवढाच.

बाहेर प्रश्न चालूच होते. ड जीवनसत्त्व शरीरात काय करतं? "हाडं." ते कमी पडल्यास काय होतं? "पाय वाकतात, दात उशिरा येतात." ते जास्त झाल्यास काय होतं, हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. जास्त देणारं घर कुणी बघितलंच नव्हतं. सतरावा. अठरावा. दर प्रश्नागणिक तो उठायचं ठरवत होता आणि दर उत्तरागणिक बसून राहत होता, आणि त्याला स्वतःची किळस येत होती, कारण पोरीला काय झालंय ते कळलेलं असतानाही आत कुठंतरी एक कारकून बसून बेरीज करत होता: सोळा. सतरा. अठरा. आत्ता बाहेर गेलो तर काय म्हणायचं? मास्तरीणबाईंसमोर? उद्या ऑफिसात होईल ते होईलच. संपू दे. संपल्यावर सांगू. अडीच महिने गेले, आणखी पाच मिनिटांनी काय आभाळ कोसळणार आहे?

"वीस," मास्तरीणबाई म्हणाल्या. "अगं, वीसपैकी वीस! बत्तीस वर्षं शाळेत काढली, पैकीच्या पैकी कुणाला दिले नाहीत. देवाला एक ठेवावा, गुरुजीला एक ठेवावा असं म्हणायचे मी मुलांना. पण तू काही ठेवूच दिला नाहीस मला."

"सरांना सांगा," बायको म्हणाली. मोठ्यानं म्हणाली, आतल्या दाराकडे तोंड करून. तिच्या आवाजात काहीतरी चमकलं. ते काय होतं ते त्याला कळलं आणि तो आणखीच खचला. तो आनंद होता. चार महिन्यांनी ती त्याच्याशी कामापलीकडचं बोलली होती.

"सांगते की. बरं, शेवटी रिवाज म्हणून विचारते, तुला काही विचारायचंय?"

मग बायकोचा आवाज आला तो खाली उतरलेला, फॉर्ममधला नव्हे. "विचारायचं म्हणजे… सगळं नीट करते हो मी. एक दिवस चुकवत नाही. तरी पोर अशी का झालीय? खात नाही, हसत नाही. पाणी तेवढं मागते. मला वाटतं तिला कमीच पडतंय. अर्धा ड्रॉपर वाढवून बघू का?"

"तसा सल्ला द्यायची आम्हाला मुभा नाही गं बाई. डॉक्टरांना विचार."

"ते म्हणतात जंत. थांबा, तुम्हाला दाखवतेच ती कशी मलूल झालीय. आजचं द्यायचंही राहिलंय अजून."

स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार करकरलं. त्याच दाराच्या आतल्या बाजूला त्यानं चिठ्ठी लावली होती. झाकण फिरवल्याचा आवाज आला, काचेवर काच टेकल्याचा आला. मग चपला फटफटत आल्या आणि ती आत शिरली, मागे मास्तरीणबाई. एका हातात बाटली, दुसऱ्यात ड्रॉपर, वरच्या खुणेपर्यंत भरलेला, पिवळसर, आणि त्याच्या डोक्यावर तो गुलाबी फुगा. "ठके, ऊठ गं राणी. बघ, कोण आलंय." ठकीनं डोळे न उघडताच तोंड उघडलं. पाखराच्या पिलासारखं, सवयीनं. इतकी शहाणी पोर. तेव्हा तो उठला. उठला असं म्हणणंही खरं नाही, त्याचा हात आपोआप गेला आणि त्यानं बायकोचं मनगट धरलं, इतक्या जोरानं की फुगा दाबला गेला आणि सगळं औषध चादरीवर सांडलं.

"अरे! वेडबिड लागलंय का?"

"ड्रॉपर नाही," तो म्हणाला. "थेंब. एक थेंब."

"काय?"

"ही नवी बाटली आहे. पंचवीस पट तीव्र आहे. दिवसाला एकच थेंब द्यायचा. मी लिहिलं होतं. कपाटाच्या दाराला लावलं होतं."

तिनं मनगट सोडवून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते त्याला बघवेना, आणि तरी तो बघत राहिला. मास्तरीणबाईंनी तिच्या हातातून बाटली घेतली, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांपाशी नेली, वाचली, आणि नुसत्या "अगंबाई" म्हणाल्या. चादरीवरचा डाग पसरत होता.

"लिहिलं होतंस," बायको म्हणाली. विचारल्यासारखं नव्हे.

"हो."

"आणि आत बसून ऐकत होतास."

"हो."

"कळलं कुठपासून?"

खोटं बोलायला अजून जागा होती. पण सवय वाईट. विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर द्यायची सवय. "नवव्या प्रश्नापासून," तो म्हणाला.

तिनं ठकीला उचललं, अंगाला शाल गुंडाळली, बाटली मागून घेतली, टेबलावरचा कुठलासा कागद तिच्याभोवती चुरगाळला आणि पिशवीत टाकली. दारातून जाताना म्हणाली, "पुढचे अकरा प्रश्न." एवढंच. जिना उतरताना तो मागे होता आणि तिच्या खांद्यावरून ठकी त्याच्याकडे बघत होती, उजेडानं डोळे बारीक करून.

इस्पितळात मुलांचा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. हिरवट भिंती, खिडकीशी एक मोडकं घोडं, आणि सगळीकडे तो धुतलेल्या फरशीचा वास. ठकीच्या हातात सुई घातली तेव्हा ती रडली, पण कोरडी, आवाजाशिवाय. रक्त नेलं, पोटावर थंड जेल लावून पडद्यावर पाहिलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या. बोलताना पेनचं टोपण काढायच्या आणि घालायच्या. रक्तात कॅल्शियम फार चढलंय, म्हणाल्या. सलाईननं उतरवू. आठदहा दिवस लागतील. मूत्रपिंडात मात्र पांढरे ठिपके दिसताहेत, खडूच्या भुकटीसारखे. "ते जातात ना?" बायकोनं विचारलं. "काही मुलांत जातात. काहींत राहतात." टोपण लागलं. "सहा महिन्यांनी पुन्हा बघू. आत्ता मी काही सांगू शकत नाही." मग त्यांनी औषध मागितलं. बायकोनं पिशवीतून बाटली काढून दिली, कागदात गुंडाळलेली. डॉक्टरीणबाईंनी कागद सोडला, बाटली पाहिली, मान हलवली, आणि कागद टाकायला निघाल्या तर त्यावर अक्षर दिसलं म्हणून उलगडला.

त्यानं लांबूनच ओळखला. कापलेला चौकोन, चारी कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे. ‘नवीन बाटली. जुन्यापेक्षा पंचवीस पट तीव्र. रोज फक्त एकच थेंब. कृपया नोंद घ्यावी.’ खाली तारीख, सही.

"हे कुणाचं अक्षर?"

"सरांचं," बायको म्हणाली.

"आणि तुम्ही वाचलं नाहीत?"

"नाही." तिनं सांगितलं, डॉक्टरीणबाईंना, त्याला नव्हे. "चार महिने मी एकही चिठ्ठी वाचली नाही. काढायची आणि हिला द्यायची. पाठकोरी असते ना, चित्रं काढायला बरी. कागद चांगला वापरतात ते."

डॉक्टरीणबाईंनी कागद उलटा केला. मागच्या बाजूला निळ्या खडूनं उभे चौकोन काढले होते, वेडेवाकडे, एकाशेजारी एक, आणि प्रत्येक चौकोन आतून निळ्यानं गच्च भरला होता. त्यांनी तो कागद ठकीसमोर धरला. "हे काय काढलंयस गं?"

"पाणी," ठकी म्हणाली. "ग्लास आहेत. हा माझा. हापण माझा. हापण."

सगळे तिचेच होते. सात. एका बाजूला त्याचं ठळक अक्षर आणि दुसऱ्या बाजूला तिचं. दोघांनीही लिहून ठेवलं होतं आणि कुणी वाचलं नव्हतं. हा विचार त्याच्या डोक्यात इतका नीटनेटका आला की त्याचीही त्याला चीड आली. कोपऱ्यात बायको पाठमोरी उभी राहून खिडकीतून खाली बघत होती. तिचे खांदे हलत नव्हते.

दुपारी मास्तरीणबाईंचा फोन आला. तो घ्यायला तो बाहेरच्या लांब व्हरांड्यात गेला. पोरीचं त्यांनी तीनतीनदा विचारलं, माझ्याही डोळ्यांदेखत बाई, माझ्याही डोळ्यांदेखत, म्हणाल्या. मग जरा घुटमळल्या. "विचारू नये आत्ता, पण उद्या गठ्ठा जायचाय. त्या फॉर्मचं काय करू? शेरा लिहावा म्हटलं, तर तुमच्या फॉर्मात शेऱ्याला जागाच नाही हो."

"नाही," तो म्हणाला.

"खोडू? कर्मचाऱ्याचं घर म्हणून?"

खोडता आलं असतं. खोडलं की तो घरात पुन्हा नुसता सर उरला असता आणि ती नुसती अकरावाली. "उत्तरं बरोबर आहेत ना?" त्यानं विचारलं.

"उत्तरं सगळी बरोबर आहेत," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मग जमा करा."

परत आला तेव्हा पाळी बदलली होती. नवी नर्स, पन्नाशीची, कमरेला कंगव्यापासून कात्रीपर्यंत सगळं लटकावलेली, बायकोला काहीतरी सांगत होती. त्याला पाहून म्हणाली, "वडील ना? या, तुम्हीही ऐका. दूध नाही. दही, चीज नाही. बाहेरचं कसलंही टॉनिक नाही, थेंब तर बाटलीसकट विसरायचे. पाणी मागेल तेवढं द्यायचं, आणि दर वेळेला किती दिलं ते मला सांगायचं. कळलं?"

त्यानं मान हलवली. सवयीनं खिशाकडे हात गेला, पेनकडे.

"मान नको, आणि लिहूनही नको घेऊ," नर्स म्हणाली. तिला सगळेच आपल्या पोरांसारखे. "लिहून घेतलेलं खिशातच राहतं, बघितलंय मी. तोंडानं म्हणून दाखव. मी काय सांगितलं?"

खोलीत बायको होती, शेजारच्या खाटेवरच्या पोराची आजी होती, मोडकं घोडं होतं. तो खाटेच्या कडेला बसला. "दूध द्यायचं नाही," तो म्हणाला, आणि थांबला. हे तो नर्सला सांगत नव्हता. तो बायकोच्या पाठीकडे बघत होता. मामा थांबायचा तसा तो थांबला, आणि तिकडून काहीच आलं नाही. "दही नाही. चीज नाही." पुन्हा थांबला. खिडकीशी ती तशीच उभी, पडद्याची शिवण बोटानं चाचपत. तिनं ऐकलं होतं, त्यात शंका नव्हती. तिचा कान तेवढा त्याच्याकडे वळला होता, आणि तोही तिनं सावकाश फिरवून घेतला. "थेंब नाही. एकही थेंब नाही," तो म्हणाला.

"हुं," ठकी म्हणाली.

तिचे डोळे मिटलेले होते. रोज निजताना आई गोष्ट सांगायची तेव्हा ती अशीच हुंकार द्यायची, दर वाक्याला, झोप लागेपर्यंत. पलीकडच्या कुशीवर पडून तो हे ऐकत आला होता. त्यानं तिला गोष्ट अशी कधी सांगितलीच नव्हती. आता बापाचा आवाज इतक्या जवळून, इतका हळू येतोय म्हणजे ती गोष्टच असणार, असं तिला वाटलं असावं.

"पाणी मागेल तेवढं द्यायचं," तो म्हणाला.

"हुं."

"किती दिलं ते सांगायचं."

"हुं," ठकी म्हणाली. सुई टोचलेला हात तिनं चादरीवरून त्याच्याकडे सरकवला. "मग?"

त्यानं बायकोकडे पाहिलं, नर्सकडे पाहिलं. सांगितलेलं सगळं म्हणून झालं होतं.

"मग?" ठकी म्हणाली.